गॅनॉनडॉर्फच्या अंगावरची घोंगडी: ठाण्यातील एका कॉस्प्लेचा प्रकरण अभ्यास

वाशीतील एका महाविद्यालयाच्या वार्षिक महोत्सवात डिसेंबरमध्ये झालेल्या कॉस्प्ले, म्हणजे खेळ-सिनेमांतल्या पात्रांचे वेश करून ती साकारण्याच्या, स्पर्धेत ठाण्याच्या वर्तकनगरात राहणाऱ्या एका तरुणीने ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला गॅनॉनडॉर्फ हा खलनायक रंगमंचावर आणला. त्या वेशामागची सगळी रेखाटने ऐरोलीत राहणाऱ्या तिच्या चित्रकार मित्राची होती. मी नेपथ्य आणि वेशभूषा शिकवतो, त्यामुळे अशा स्पर्धांची बोलावणी येतात, आणि या स्पर्धेच्या तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. या सादरीकरणाला क्रमांक मिळाला नाही. मात्र त्यावरून आम्हा परीक्षकांत जो वाद झाला तो गुणपत्रिकेच्या तीन रकान्यांत मावणारा नव्हता, आणि नंतर त्या दोघांनी सुरुवातीपासूनची रेखाटने, कामाचे फोटो व तालमीच्या चित्रफिती दाखवल्यावर तर मला वाटू लागले की खलनायकाचा नव्याने अर्थ लावणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सहसा हाती लागणार नाही. दोघांच्या संमतीने, नावे न देता, ते येथे मांडत आहे.

पात्र आणि त्याचे गाऱ्हाणे

गॅनॉनडॉर्फ हा तसा जुना खलनायक. निंटेंडो या जपानी कंपनीच्या १९८६ सालच्या पहिल्या खेळात तो नुसता गॅनन आहे: डुकराच्या तोंडाचा राक्षस, ज्याला मारायचे आणि राजकन्या सोडवायची, एवढेच त्याचे प्रयोजन. १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये त्याला पहिल्यांदा माणसाचे रूप आणि कूळ मिळाले. वाळवंटात राहणाऱ्या गेरुडो या जमातीत सगळ्या स्त्रियाच असतात, शंभर वर्षांतून एकदा एक मुलगा जन्मतो आणि रिवाजाने तोच राजा होतो, तो हा. लाल केस, बाकदार नाक, कपाळावर रत्न, हिरवट झाक असलेली सावळी कांती, आणि शेजारच्या हिरव्यागार हायरूल राज्यावर डोळा. पुढे २००२ मध्ये जपानात आलेल्या ‘विंड वेकर’मध्ये हायरूल समुद्राच्या तळाशी गेलेले आहे आणि गॅनॉनडॉर्फ उतारवयाकडे झुकलेला, संथ बोलणारा, लांब बाह्यांच्या झग्यातला माणूस झाला आहे. शेवटच्या लढाईआधी तो जे बोलतो ते या प्रकरणाचे बीज आहे. माझ्या मुलखात वारा दिवसा अंग भाजून काढायचा आणि रात्री गारठ्याने जीव घ्यायचा, हायरूलच्या कुरणांवरून वाहणारा वारा मात्र मरण सोडून दुसरे काहीतरी घेऊन यायचा, आणि मला बहुधा तो वारा हवा होता, अशा आशयाचे ते बोलणे आहे.

खेळणाऱ्याच्या हातात तलवार असते, समोर शत्रू असतो, आणि ऐन त्या क्षणी शत्रू असे काही सांगतो ज्याचे उत्तर तलवारीने देता येत नाही. फॅन आर्टला, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या चित्रांना, शिरकाव करायला अशी फट लागते. कधीकधी नुसते रूपही पुरते: २०२१ च्या जानेवारीत ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’मधल्या लेडी दिमित्रेस्कूची झलक दिसली आणि मे महिन्यात खेळ बाजारात येण्यापूर्वीच तिच्या चित्रांचा पूर आला. टोपी आणि उंच टाचांसह २.९ मीटर उंचीची ती बाई, एवढेच त्या चित्रांना पुरेसे होते. तिची गोष्ट तोवर कोणाला ठाऊकही नव्हती. गॅनॉनडॉर्फकडे रूपही आहे आणि गाऱ्हाणेही, आणि ठाण्याच्या या मुलीला गाऱ्हाण्यात रस होता.

पहिले रेखाटन

चित्रकाराने मला पहिले रेखाटन दाखवले ते स्वतःच हसत हसत. दाढी, सुरमा घातलेले डोळे, हिरवा अंगरखा, कमरेला शेला, बोटाबोटांत अंगठ्या आणि लोडाला टेकून बसलेला आडदांड देह. शाळांच्या स्नेहसंमेलनांना पोशाख भाड्याने देणाऱ्या कुठल्याही कपडेपटात जाऊन ‘खान’ मागितला की जे गाठोडे हातात पडते, तेच कागदावर उतरले होते. वाळवंटातला परका राजा, हिरव्या राज्यावर चालून येणारा, एवढी रूपरेषा मिळाली की महाराष्ट्रात वाढलेल्या चित्रकाराचा हात कुठे वळेल हे वेगळे सांगायला नको; ऐतिहासिक नाटकांनी आणि महानाट्यांनी तो साचा आपल्या डोळ्यांत पक्का बसवून ठेवला आहे.

मूळ खेळही या बाबतीत अगदी निर्दोष नाही. गेरुडो लोकांची घडण पश्चिम आशियाविषयीच्या रूढ कल्पनांवर बेतलेली दिसते, आणि १९९८ च्या आवृत्तीत त्यांचे चिन्ह चंद्रकोर व तारा असे होते, जे नंतरच्या आवृत्त्यांत बदलण्यात आले. म्हणजे एका साच्यातून पात्राची सुटका करायला निघालेला चित्रकार आपल्या घरच्या, त्याहून घट्ट साच्यात जाऊन पडला होता. असे बहुतेकांचे होते. परक्या पात्राला देशी कपडे चढवले की काम झाले असे वाटते, आणि त्या कपड्यांबरोबर देशी पूर्वग्रहही फुकटात चिकटून येतात हे ध्यानात येत नाही. विद्यार्थ्यांच्या कामांत मी हे इतक्यांदा पाहिले आहे की आता ‘भारतीय रूपातला अमुक खलनायक’ असे शीर्षक दिसले की मी आधी दाढी शोधतो.

त्या मुलीने रेखाटन परत करताना एवढेच विचारले, ‘‘दादा, हा वाऱ्याचं बोलेल का?’’ तो बोलला नसता. कपडेपटातल्या खानाला हसायचे असते, गरजायचे असते आणि शेवटी मरायचे असते. त्याला गाऱ्हाणे दिलेलेच नसते.

दुसरे रेखाटन

चित्रकाराचे मूळ गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, दहिवडीजवळ. नैऋत्येकडून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, घाटमाथ्यावर सगळे पाणी ओततात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणदेशात पाचशेच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. पर्जन्यछाया हा धडा त्याने शाळेत घोकला होता आणि घरी भोगला होता. मुलीचे गाव वेंगुर्ल्याकडे, म्हणजे डोंगराच्या ओल्या बाजूला. दोघांच्या बोलण्यात हे निघाले तेव्हा वाळवंट आपोआप मागे पडले. वारा तोच, पण एकीकडे तो पाणी आणतो आणि दुसरीकडे धूळ, हे गॅनॉनडॉर्फचे म्हणणे त्यांना इथेच, काही तासांच्या अंतरात सापडले होते.

दुसरे रेखाटन दोन चौकटींचे होते. पहिल्या चौकटीत घाटाच्या कड्यावर पाठमोरा उभा असलेला राजा आणि खाली कोकणावर उतरलेले ढग. दुसरीत तोच समोरून, खेळातला लांब बाह्यांचा झगा एका खांद्यावरून निसटलेला आणि आत काळी घोंगडी. लाल केस, बाकदार नाक, कपाळावरचे रत्न आणि दोन तलवारी यांना त्याने हात लावला नव्हता. मला या रेखाटनाचे मोल इथे वाटते. जे ठेवले त्यावरून पात्र दुरूनही ओळखू येत होते, आणि जे बदलले त्यातली एकही गोष्ट हौसेखातर आलेली नव्हती. प्रत्येक बदलाचे मूळ खेळातल्या त्या एका बोलण्यात दाखवता येत होते.

तरीही पहिला आक्षेप आला, आणि तो वजनदार होता. चित्रकाराच्या खोलीत राहणारा एक मुलगा आटपाडीकडचा आहे. त्याने चित्र पाहून विचारले, ‘‘आमच्या आज्याचं घोंगडं व्हिलनच्या अंगावर कशापायी?’’ घोंगडी ही काही नेपथ्यातली वस्तू नव्हे. धनगरांनी पाळलेल्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची, सणगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली ती वस्तू पावसात पांघरूण होते, रात्री अंथरूण होते आणि देवाच्या कामाला आसन होते. ती खलनायकाच्या अंगावर टाकली की प्रेक्षकांच्या मनात खलनायक कोण होतो? खानाचा अंगरखा उतरवून त्या जागी मेंढपाळाचे पांघरूण घातले तर माणूस बदलेल, पण दुष्टपणा पोशाखावरून ओळखायची सवय तशीच राहील. हा प्रश्न उगाच हळवेपणातून आलेला नव्हता, आणि दोघांनी तो तसा झटकलाही नाही.

त्यावर जो तोडगा निघाला तो मुलीचा होता. घोंगडी राजाचा पोशाख म्हणून घालायचीच नाही. प्रवेश खेळातल्या झग्यात करायचा. दरारा, तलवारी, चालण्यातला माज सगळे त्या झग्याच्या हिशेबी. वाऱ्याचे बोलणे सुरू होते तिथे झगा उतरवायचा आणि मग आतली घोंगडी दिसायची, म्हणजे दुष्ट कृत्ये राजवस्त्राकडे राहतात आणि दुःख घोंगडीकडे. आटपाडीच्या मुलाचे यावर पूर्ण समाधान झाले नाही. माणदेश ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला शेवटी काळे कांबळे गुंडाळलेला एक दुष्ट माणूसच दिसेल, असे तो अजूनही म्हणतो, आणि माझ्या मते त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. घोंगडी मात्र त्यानेच गावाहून आणून दिली.

आणखी एक निर्णय याच वेळी झाला. गॅनॉनडॉर्फची कांती खेळात हिरवट-सावळी आहे आणि त्याचा कॉस्प्ले करणारे अनेक जण अंगाला तसा रंग लावतात. हिने लावला नाही. रंग गडद केला की माणूस दुष्ट वाटतो हे तिला पुन्हा दाखवायचे नव्हते, असे तिने परीक्षणाच्या टेबलासमोर स्पष्ट सांगितले. गुण जाणार हे तिला माहीत होते.

हाताचे काम

गॅनॉनडॉर्फ धिप्पाड आहे आणि ही मुलगी पाच फुटांच्या थोडी वर. अशा वेळी नेहमीचा मार्ग म्हणजे ईवा फोमचे, म्हणजे हलक्या रबरासारख्या शीटचे, खांदे आणि छाती करून ती झग्याखाली बांधणे. तिने ते करून पाहिले. १० मिलिमीटर जाडीच्या शीटचे खांदे उभे राहिले, पण हात वर केला की ते कानापर्यंत चढायचे. घोंगडी दुहेरी घडी करून एका खांद्यावरून छातीभोवती घेतली आणि आतून सेफ्टी पिनांनी पक्की केली तेव्हा लोकरीच्या जाडीनेच अंगाला हवा तेवढा घेर आला, आणि फोमचे खांदे बाद झाले. झग्याखालचा भारदस्तपणा त्या घोंगडीचाच होता. हे आधी ठरवलेले नव्हते. काम करता करता सापडले.

तलवारींना मात्र फोमच लागला. दोन बाजूंनी फोम आणि मध्ये वायरिंगसाठी मिळणारा कंड्युट पाइप, धारेची बाजू कटरने तिरकी कापलेली. तिरका काप एका दमात घ्यायचा, पाते थांबले की तिथे पायरी पडते, हे तिला जांभळी नाक्याजवळच्या एका मखरवाल्याने शिकवले. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून त्याचा हात पुठ्ठा आणि फोमवर बसला आहे, आणि त्याच्यापाशी दोन संध्याकाळ बसून ती जे शिकली ते तिला एरवी महिनाभराच्या नासधुशीनंतर आले असते. कापलेल्या फोमवर हीट गन फिरवली की वरची छिद्रे मिटतात आणि पृष्ठभागाला एक कातडी येते, म्हणून रंग आत मुरत नाही. जोडाला फेविकॉल एसआर ९९८: दोन्ही बाजूंना लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच दाबायचे, कारण नंतर सरकवता येत नाही. वर पांढऱ्या फेविकॉलचे पातळ हात, त्यावर चंदेरी अॅक्रिलिक आणि कडांना काळपट पाणी.

दोन्ही तलवारी मध्यावर कपलरने सुट्या होतात. ठाणे–वाशी लोकलमध्ये अखंड तलवार घेऊन शिरण्याचा प्रयोग एकदा झाला होता, आणि दिघ्यापर्यंत जाईस्तोवर महिलांच्या डब्यातल्या बायकांनी तो हाणून पाडला होता.

झग्याचे कापड उल्हासनगरचे. खांद्यावरचा जोड आधी वेल्क्रोचा होता, म्हणजे एका हिसक्यात झगा उतरावा. पण तालमीत तो उघडताना असा फर्रकन आवाज यायचा की पाहणारे हसायचे. मग तिथे टिचबटणे आली. दुःखाच्या ऐन तोंडावर हशा पिकू नये म्हणून केलेला हा बदल फोटोत दिसत नाही आणि कारागिरीच्या गुणांत कुठेच मोजला जात नाही.

मामाचा हात

मुलीचा मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाला. तरुणपणी तो गावाकडे दशावतारात राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसांच्या भूमिका, करायचा. दशावतारात लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते आणि संवाद ज्याने त्याने ऐन वेळी रचायचे असतात. रंगमंचावर एक बाकडे असले की पुरते: तेच सिंहासन, तोच डोंगर. असुरांविषयीची माया तिथे नवी नाही. आरंभी येणारा संकासुर वेद पळवणारा असुर, पण जत्रेतली मुले त्याची वाट पाहत जागी राहतात, आणि रत्नागिरीच्या बाजूला शिमग्यात तर त्याला नवस बोलतात. तेव्हा खलनायकावर प्रेम करणे ही गोष्ट या मुलीने खेळाच्या पडद्यावरून शिकली असे मानायचे कारण नाही.

मामाला गॅनॉनडॉर्फ कोण ते ठाऊक नव्हते, आणि त्याने ते विचारलेही नाही. भाची पुरुषाची भूमिका करते यात त्याला काहीच वावगे वाटले नाही. पुरुषांनी स्त्रीपार्टी करायची हे त्याच्या सवयीचे होते, त्याच्या उलट हे. पहिली तालीम पाहून तो म्हणाला, ‘‘राक्षस इलो की आधी गप उभो रवता. लोकांका बघूक देता. मगे बोलता.’’ तोवर ती प्रवेश करताच गरजत होती, जसे सगळेच करतात. चेहऱ्याची रंगभूषाही त्याच्याच देखरेखीखाली झाली: तेलकट रंग, वर पावडर थोपटलेली, भुवया कपाळाकडे ओढलेल्या आणि डोळ्यांखाली काजळाची अशी जाड रेघ की शेवटच्या रांगेतल्याला नजर कुठे आहे ते कळावे. कॉस्प्लेची रंगभूषा सहसा कॅमेऱ्यासाठी केलेली असते आणि चार हातांवरून पुसट होते. ही रंगमंचासाठीची होती, आणि जवळून पाहताना थोडी भडक वाटत होती हे खरे.

दोन मिनिटे

प्रत्येकाला रंगमंचावर दोन मिनिटे होती. ही आली, बाकड्यावर चढली आणि गप्प उभी राहिली. प्रेक्षागृहातला गोंगाट ओसरायला जो वेळ लागला तो तिने जाऊ दिला. मग दोन्ही तलवारी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने टिचबटणे सोडली, आणि झगा बाकड्यामागे पडला. त्याच वेळी विंगेतल्या स्वयंसेवकाने रंगमंचाच्या कडेचा मोठा उभा पंखा बंद केला. त्या सभागृहात पुढच्या रांगांना हवा त्याच पंख्याची होती. दिव्यांच्या उष्णतेत बसलेल्या आम्हाला वारा गेल्याचे कळले, आणि ती वाऱ्याविषयी बोलू लागली: घाटाच्या पलीकडे तुमच्याकडे उतरतो तो, आणि इकडे येतो तोवर त्याच्या हातात काही उरलेले नसते, अशा साध्या शब्दांत, दशावतारी रिवाजाने तिथल्या तिथे रचलेल्या वाक्यांत. खेळात तलवारीचा वार कपाळावर बसल्यावर गॅनॉनडॉर्फ वारा सुटल्याचे म्हणतो आणि दगड होतो. इथे तिने ते शेवटचे वाक्य म्हटले तेव्हा पंखा पुन्हा सुरू झाला.

या दोन मिनिटांतली सर्वांत चांगली कल्पना पंख्याची होती, आणि ती वेशात नव्हती, चित्रात नव्हती, खेळातही नव्हती. तरी ती खेळाशी इमान राखणारी होती. त्या पात्राला हवे होते ते समोरच्यांकडे होते. ते काही क्षण काढून घेतल्यावर त्याची मागणी अंगाला कळली.

गुणपत्रिका

शंभर गुणांपैकी ४० सारखेपणाला, ३० कारागिरीला आणि ३० सादरीकरणाला होते. पहिला क्रमांक ‘फायनल फँटसी ७’ या १९९७ च्या खेळातल्या सेफिरॉथला गेला. लांब रुपेरी केस, काळा कोट, एकच काळा पंख आणि मासामुने ही माणसापेक्षा उंच तलवार, सगळे चोख. तो क्रमांक योग्यच होता; पंखाचा सांगाडा कोटाखाली कुठे बांधला आहे ते मला जवळ जाऊनही सापडले नाही.

वाद गॅनॉनडॉर्फच्या सारखेपणावर झाला. मी ४० पैकी ३१ दिले होते, एका सहपरीक्षकाने १८. हे सहपरीक्षक स्वतः अनेक वर्षे कॉस्प्ले करतात, मुंबईच्या कॉमिक कॉन या कॉमिक्स-चाहत्यांच्या मेळाव्याला नेमाने जातात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. संदर्भचित्राबरहुकूम काम करणे ही शिस्त आहे. जे बनवता आले नाही ते ‘माझा अर्थ’ म्हणून खपवणारे दर स्पर्धेत चार तरी असतात. त्यांना दार उघडून दिले तर रात्र रात्र जागून शिवण जुळवणाऱ्यांवर अन्याय होतो. हे सगळे मला मान्य आहे. मात्र पळवाट आणि पुनर्रचना यांतला फरक ओळखता येतो, आणि तो ओळखणे हेच परीक्षकाचे काम आहे. पळवाटीत जे सोपे ते बदललेले असते. इथे अवघड गोष्टी, म्हणजे नाक, केस, रत्न, तलवारी, झगा, जशाच्या तशा केल्या होत्या, आणि जिथे बदल केला तिथे जास्तीचे काम अंगावर घेतले होते. अंगाला हिरवट रंग लावून गुण मिळवणे हे तो न लावता गुण गमावण्यापेक्षा सोपे होते. सहपरीक्षकांनी गुण वाढवले नाहीत, मीही कमी केले नाहीत, आणि सरासरीने काय व्हायचे ते झाले.

श्रेय कोणाचे

याबाबत थोडक्यात लिहितो. प्रवेश अर्जात खेळाचे नाव, कंपनीचे नाव आणि स्पर्धकाचे नाव एवढेच रकाने होते. निवेदकाने ते वाचले आणि चित्रकाराचा उल्लेख राहून गेला, जरी अंगावरचा वेश निंटेंडोच्या चित्रापेक्षा त्याच्या चित्राशी अधिक जुळत होता. असे मोठ्या प्रमाणावर पूर्वीही घडले आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये निंटेंडोने एका खेळात एक मुकुट दाखवला, जो घातल्यावर टोडेट ही छोटी मुलगी राजकन्येसारखी दिसू लागते. काही दिवसांतच एका चाहत्याने तोच मुकुट मारिओच्या जुन्या शत्रूच्या, बाउझरच्या डोक्यावर ठेवला आणि बाउझेट हे पात्र जगभर पसरले. त्यानंतर बाउझेट होऊन उभ्या राहिलेल्या हरेक कॉस्प्लेअरसमोर संदर्भ म्हणून कंपनीचे चित्र नव्हतेच, चाहत्याने काढलेले होते.

कायद्यात या साखळीला नीट जागा नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सपाट चित्रावरून त्रिमितीत वस्तू करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे आहे, कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराची सवलत आहे, आणि विडंबन किंवा चाहत्यांची निर्मिती यांचा वेगळा उल्लेख नाही. स्पर्धेत वेश घालून उभे राहणे आणि त्याच पात्राच्या प्रती छापून विकणे या व्यवहारात फार वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकाराने घाटाच्या कड्यावरचे चित्र विकायला काढलेले नाही. त्याचे कारण कायदा नसून आटपाडीचा मित्र आहे.

निकालानंतर

स्पर्धेची चित्रफीत मामाला वर्तकनगरच्या घरी दाखवण्यात आली. पंख्याचे त्याला कौतुक वाटले. मग त्याने ती मधल्या भागावर थांबवायला सांगितली आणि विचारले, ‘‘हातात तलवार घेवन कोण आपला दुख्ख सांगता गो?’’ भाचीने उत्तर दिले की गॅनॉनडॉर्फच्या हातात दोन तलवारी असतात, त्याच्या सगळ्या चित्रांत त्या असतात. चित्रकार तिथे होता. त्याने खेळातला तो प्रसंग काढून लावला. वाऱ्याचे बोलणे होते तेव्हा गॅनॉनडॉर्फ पाठमोरा उभा आहे आणि तलवारी त्याने अजून उपसलेल्या नाहीत. त्या तो नंतर, लढाईला तोंड फुटते तेव्हा उपसतो. सारखेपणाच्या ४० गुणांत हा मुद्दा कोणीही धरला नव्हता, आणि खेळ कधीच न पाहिलेल्या माणसाने तो बाकड्यावरच्या राक्षसाच्या अनुभवावरून पकडला.

आता पुढच्या प्रयोगाची तयारी चालू आहे. तलवारी बाकड्याला टेकवून ठेवायच्या हे ठरले आहे. पाठमोरे बोलायचे की नाही यावर मात्र एकमत नाही: चित्रकाराला ते हवे आहे, कारण त्याची पहिली चौकट तशीच होती, आणि मामाच्या मते पाठ फिरवलेल्या राक्षसाचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही.